उघड्या चिऱ्याच्या भिंतीला सीलर मारावा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीजवळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सुमारे तीस वर्षांपूर्वी बांधलेले चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचे, घर आहे. बाहेरून चिरा उघडा ठेवलेला असून दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, सिमेंटने भरलेल्या आहेत, आणि चकाकीसाठी मारलेला लॅकर आता पापुद्रे होऊन सुटतो आहे. आतून सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी आणि ऑइलपेंट आहे. जुलै उजाडला की दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या भिंतींवर ओल उमटते, रंगाला फुगे येतात, कपाटामागे बुरशी धरते. जुना लॅकर घासून नव्या पारदर्शक सीलरचे, म्हणजे पाणी रोखणाऱ्या द्रव्याचे, दोन हात मारले की काम होईल, असे कंत्राटदाराचे म्हणणे आहे. हा सीलर मारावा का, कोणता मारावा आणि तो किती वर्षे टिकेल, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

माझे मत असे की सीलर उपयोगी पडू शकतो, पण आपल्या घरात त्याचा क्रम शेवटचा आहे. जो सीलर दगडावर चकचकीत थर धरतो तो तर मुळीच मारू नये. याची कारणे जरा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण कोकणात आणि गोव्यात चिऱ्याच्या भिंतींचे जे नुकसान मी पाहत आलो आहे, त्यातले बरेचसे पावसाने एकट्याने केलेले नसून पाऊस आणि चुकीचे लेपन या दोघांनी मिळून केलेले आहे.

प्रथम दगडाविषयी. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. बांधकामाच्या चिऱ्याने वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी शोषले तरी भारतीय मानकाला ते मान्य आहे. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो, त्यामुळे वाऱ्याच्या तोंडावरची भिंत पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे भिजलेलीच राहते. जांभ्याची दुसरी खासियत अशी की खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि हवा-ऊन लागून त्याची वरची कातडी कठीण होत जाते. पूर्वी कापलेले चिरे बांधकामाआधी उघड्यावर ठेवून मुरू देत असत, ते यासाठीच. ही कठीण कातडी म्हणजेच उघड्या चिऱ्याचे खरे संरक्षण होय. ग्राइंडर, तारेचा ब्रश किंवा जोरदार दाबाचे पाणी वापरून ती एकदा उडवली, की आतला मऊ आणि मातकट भाग पावसापुढे उघडा पडतो, आणि कोणताही सीलर त्याची भरपाई करू शकत नाही. म्हणून कंत्राटदाराच्या वाक्यातला ‘घासून’ हा भाग मला सीलरपेक्षाही अधिक धोक्याचा वाटतो.

आता लॅकर का सुटला ते पाहू. लॅकर, वार्निश, चकाकी देणारे ॲक्रिलिक किंवा पॉलीयुरेथेनचे पारदर्शक रंग दगडाच्या पृष्ठभागावर एक पातळ पडदा तयार करतात. समोरून येणारा पाऊस हा पडदा अडवतो हे खरे, पण पाणी भिंतीत केवळ समोरून शिरत नाही. ते दर्जांच्या बारीक भेगांतून, खिडकीच्या चौकटीभोवतून, स्लॅब आणि भिंत यांच्या सांध्यातून आणि जोत्याखालच्या जमिनीतून येतच राहते. आत आलेल्या या पाण्याला बाहेर पडण्याची जी वाट होती, ती पडद्याने बंद केलेली असते. पाऊस उघडून ऊन पडले की आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती पडद्याला मागून ढकलते, आणि हेच तुम्हाला फुगे आणि पापुद्रे या रूपात दिसते. पाण्याबरोबर विरघळून आलेले क्षारही पडद्यामागेच स्फटिकरूप धरतात, आणि तसे होताना छिद्रांच्या भिंतींवर इतका दाब देतात की पापुद्र्याबरोबर दगडाची कातडीही निघून येते. सुटलेल्या एखाद्या पापुद्र्याची मागची बाजू पाहा. तिला लाल भुकटी चिकटलेली असेल तर ती आपल्या चिऱ्याची कातडी आहे. अशा भिंतीवर पुन्हा तसाच थर चढवल्यास पहिली दोन वर्षे ती सुंदर दिसेल आणि त्यानंतर झीज पूर्वीपेक्षा वेगाने होईल.

दुसऱ्या जातीचे सीलर थर न धरता दगडात मुरणारे असतात. यांत सायलेन, सायलोक्सेन (दोन्ही सिलिकॉनयुक्त रसायने) आणि दोन्हींचे मिश्रण हे मुख्य प्रकार आहेत. हे द्रव्य छिद्रांत काही मिलिमीटर शिरते, तिथल्या ओलाव्याशी आणि दगडाच्या खनिजांशी त्याची रासायनिक क्रिया होते, आणि छिद्रे न बुजता त्यांच्या भिंतींना आतून अस्तर लागते. अस्तर लागलेले छिद्र पाणी ओढून घेत नाही, पण वाफेला वाट मोकळी राहते. सायलेनचे रेणू लहान असल्यामुळे ते काँक्रीटसारख्या घट्ट पदार्थात खोल जातात. मात्र ते उडूनही लवकर जातात, त्यामुळे तापलेल्या, वाऱ्यावरच्या भिंतीवर मारलेल्या सायलेनचा बराच भाग हवेतच जातो. सायलोक्सेनचे रेणू मोठे असतात, ते तितके उडत नाहीत आणि सच्छिद्र दगडाला अधिक मानवतात. चिऱ्यासाठी म्हणूनच मी सायलोक्सेनचे प्रमाण अधिक असलेले मिश्रण सुचवतो.

परंतु या सीलरच्याही मर्यादा आहेत आणि विक्रेते त्या क्वचितच सांगतात. सुमारे ०.३ मिलिमीटरपेक्षा रुंद भेगेवर त्याचा उपयोग होत नाही. जिथे पाणी साचून दाब देते, म्हणजे जोत्याच्या मातीखालच्या भागात किंवा सपाट कठड्याच्या माथ्यावर, तिथेही तो पुरा पडत नाही. आणि चिऱ्याच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची अडचण ही की जांभ्यात नुसती सूक्ष्म छिद्रे नसतात, तर बोटाचे टोक जाईल एवढ्या पोकळ्या आणि एकमेकींना जोडलेल्या नळ्याही असतात. त्यांच्या भिंतींना अस्तर लागले तरी वाऱ्याने रेटलेली पावसाची झड त्या पोकळ्यांतून सरळ आत जाते. फार जाळीदार चिऱ्याची, एकाच चिऱ्याच्या जाडीची आणि नैऋत्येच्या वाऱ्यासमोर उभी असलेली भिंत केवळ सीलरने कोरडी ठेवता येईल, असे आश्वासन मी देऊ शकत नाही.

म्हणून आधी निदान करावे, आणि ते याच पावसाळ्यात, भिंत बोलत असताना करावे. ओल जमिनीपासून वर चढून गुडघा-कमरेच्या आसपास नागमोडी रेषेवर थांबत असेल आणि त्या रेषेवर पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, फुटत असेल, तर पाणी जमिनीतून येत आहे. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत डाग पडत असतील तर दोष चौकटीच्या सांध्यात किंवा खिडकीखालच्या दगडाच्या उतारात आहे. छताखाली आडवी ओल असेल तर स्लॅब आणि चिरा यांच्यामधली आडवी चीर तपासावी. स्लॅब उन्हाने फुगतो-आकसतो आणि चिरा त्याच्या मापाने हलत नाही, त्यामुळे ही चीर बहुतेक घरांत असतेच. झड लागल्यावर एक-दोन दिवसांनी पूर्ण भिंत सरसकट गडद होत असेल तर पाणी चिऱ्यातून आणि दर्जांतून आरपार येत आहे. आणि मेच्या अखेरीस, एकही सर पडण्यापूर्वी, नुसत्या दमट हवेने भिंतीवर ओले पट्टे उमटत असतील, तर गिलाव्यात क्षार आहेत. किनारपट्टीवर खाडीची वाळू न धुता वापरण्याची जी रीत होती तिचा हा परिणाम असतो. ते मीठ हवेतले पाणी ओढून घेते, आणि बाहेरून कितीही सीलर मारला तरी त्या ओलीत फरक पडत नाही.

कपाटामागच्या बुरशीचे कारण वेगळेही असू शकते. तिथे सुमारे दीड फूट लांबी-रुंदीचा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून एक दिवस ठेवावा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला दव साचले तर खोलीची दमट हवा थंड भिंतीवर निवते आहे, आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून खोलीत वारा खेळवणे एवढाच त्यावर उपाय आहे. भिंतीकडच्या बाजूला पाणी आले तर ओल भिंतीतून येत आहे. भिंतीला टोचून ओलावा दाखवणाऱ्या मीटरवर मात्र फार विसंबू नये, कारण क्षार असलेली भिंत कोरडी असली तरी तो मोठे आकडे दाखवतो.

निदानानंतरचे पहिले काम पाणी भिंतीपासून दूर ठेवण्याचे, आणि इथे आपल्या वाडवडिलांची समज मला आजच्या बहुतेक रसायनांपेक्षा पक्की वाटते. उंच जोते, भिंतीबाहेर बराच पुढे आलेली वळचण, घराला वेढणारी पडवी आणि पावसाळ्यापुरते वाऱ्याच्या बाजूला बांधलेले नारळीच्या झावळ्यांचे झाप यांमुळे चिऱ्यावर थेट पाऊस पडतच नसे. आपल्या घराला पश्चिमेकडे छपराचा पुढे आलेला भाग किती आहे ते मोजावे. तो दीड-दोन फुटांपेक्षा कमी असेल तर पत्र्याचे किंवा कौलांचे तीन फुटी झडप बसवण्यावर केलेला खर्च सीलरवरच्या खर्चापेक्षा अधिक फळ देईल. पागोळ्या जिथे पडतात तिथे पन्हळ लावावी, कारण कठीण फरशीवर आपटून उडालेले पाणी भिंत गुडघाभर भिजवत राहते. भिंतीला लागून काँक्रीटचे अंगण असेल तर जमिनीतली ओल वर येण्यासाठी भिंतीखेरीज दुसरी वाट उरत नाही, म्हणून भिंतीलगतचा एक-दीड फुटाचा पट्टा फोडून त्यात खडी भरावी आणि उरलेल्या अंगणाला बाहेरच्या बाजूस दर ५० फुटांना एक फूट या हिशेबाने उतार द्यावा. सड्यावरच्या घरांत पावसाळ्यात कातळावरून वाहणारे पाणी चढाच्या बाजूने जोत्याखाली शिरते. त्या बाजूला जोत्याच्या तळापेक्षा खोल न जाणारा, खडीने भरलेला आणि दूरवर पाणी सोडणारा चर खणावा. एवढे करूनही पुढच्या पावसाळ्यात जमिनीतली ओल चढलीच, तर जोत्यालगतच्या दर्जेत भोके पाडून सायलेनची क्रीम भरण्याचा उपाय आहे. द्रवाऐवजी क्रीमच वापरावी, कारण चिऱ्याच्या पोकळ्यांतून द्रव भलतीकडेच वाहून जातो.

दुसरे काम दर्जांचे. आपल्या दर्जा सिमेंटच्या आहेत. निव्वळ सिमेंटचा माल चिऱ्यापेक्षा कठीण आणि कमी श्वास घेणारा असतो. तो आकसताना कडेला केसाएवढी चीर सोडतो, त्या चिरेतून पाणी आत जाते आणि बाहेर पडताना दर्जेऐवजी दगडातून बाहेर पडते. त्यामुळे दर्जा उभ्या राहतात आणि चिरा मागे मागे झिजत जातो. सैल झालेल्या आणि चिरलेल्या दर्जा छिन्नी-हातोडीने हलक्या हाताने सुमारे एक इंच खोल काढाव्यात, कटर फिरवू नये. त्या चुन्याच्या मालाने भराव्यात, एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली नदीची वाळू. चुन्याचे काम जाणणारा गवंडी न मिळाल्यास एक भाग सिमेंट, दोन भाग चुना आणि नऊ भाग वाळू हे मिश्रण चालेल. ते मऊ राहते, आणि दर्जेचा माल दगडापेक्षा मऊच असला पाहिजे, म्हणजे झीज व्हायची तर ती दर्जेची होईल आणि दर्जा पुन्हा भरता येईल. चौकटींभोवतालचे आणि स्लॅबखालचे हलणारे सांधे मात्र मालाने भरू नयेत. त्यांत फोमची दोरी बसवून वरून पॉलीयुरेथेन सीलंट भरावा.

आतल्या बाजूचा ऑइलपेंट आणि पुट्टी ओलीच्या रेषेच्या वर किमान दीड फुटापर्यंत काढून टाकावी, आणि खालचा गिलावा खारावलेला असेल तर तोही चिऱ्यापर्यंत उतरवावा. तो परत चुन्याने करावा आणि त्यावर चुन्याची सफेदी किंवा वाफ जाऊ देणारा साधा रंग द्यावा. आतून ‘वॉटरप्रूफ’ लेप मारण्याचा मोह टाळावा, कारण पाणी भिंतीत शिरल्यावर त्याला आतल्या तोंडाशी अडवून काही साधत नाही, ते वर चढते किंवा शेजारच्या भिंतीत जाते.

बाहेरचा लॅकर काढण्यासाठी कॉस्टिक सोडा नसलेला, जेलसारखा रंग उतरवणारा पदार्थ आणि नायलॉनचा ब्रश वापरावा आणि मागाहून साध्या पाण्याने धुवावे. ॲसिडने धुण्याची जी पद्धत रूढ आहे ती कटाक्षाने टाळावी. ॲसिड चुना खाते, जांभ्यातले लोह विरघळवून डाग पाडते आणि मागे नवे क्षार सोडते. शेवाळ कोरडे असताना काथ्याच्या ब्रशने काढावे. लोणा काढण्यासाठी कागदाच्या स्वच्छ लगद्याची पोटीस भिंतीवर थापून ती वाळू द्यावी आणि वाळल्यावर काढून टाकावी, म्हणजे क्षार लगद्यात ओढले जातात. एका खेपेत ते पुरेसे निघत नाहीत, हे गृहीत धरावे. ही पायरी गाळून चालणार नाही. मुरणारा सीलरसुद्धा पाण्याला पृष्ठभागापर्यंत येऊ देत नाही, त्यामुळे भिंतीत क्षार शिल्लक असतील तर ते अस्तर लागलेल्या भागाच्या मागे साठतात आणि काही वर्षांनी तेवढ्या जाडीची खपली निघते. शिवाय हा सीलर एकदा मुरला की परत काढता येत नाही.

इथे दिशांप्रमाणे वेगळा निर्णय घ्यावा असे मी सुचवतो. उत्तरेच्या आणि पूर्वेच्या भिंती उघड्या ठेवून त्यांना मुरणारा सीलर द्यावा. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींसाठी झडप होत नसेल, तर त्यांना बाहेरून चुन्याचा गिलावा करावा. उघड्या चिऱ्याचा लाल रंग आपल्याला प्रिय असेल याची मला जाणीव आहे, तरीही जुन्या गोव्याचे उदाहरण लक्षात घ्यावे. तिथल्या बॉम जेझस बॅसिलिकाचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये ती पूर्ण होऊन पवित्र करण्यात आली. जांभ्याच्या त्या भिंतींवर मुळात चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवट असतानाच, तो उतरवून दगड उघडा करण्यात आला, आणि तेव्हापासून पावसाने होणारी त्या दगडाची झीज ही जतनकर्त्यांची मोठी चिंता झाली आहे. रस्त्याच्या पलीकडचे से कॅथेड्रल आजही पांढऱ्या गिलाव्यात उभे आहे. उघडा चिरा हीच जुनी रीत, असा समज आज सर्रास आढळतो, पण निदान पावसाच्या तोंडावरच्या भिंतींबाबत तो खरा नाही. गिलावा झिजतो आणि काही वर्षांनी पुन्हा करावा लागतो, पण झिजतो तो गिलावा, चिरा नव्हे.

आता प्रत्यक्ष सीलर लावण्याविषयी. भिंत कोरडी हवी, आणि केवळ वरून कोरडी दिसून भागत नाही. भिजलेली जाड भिंत इंचाला एक महिना या अंदाजाने वाळते, म्हणजे नऊ इंची भिंतीला ऑक्टोबर ते मे हा काळही थोडा अपुराच पडतो. म्हणून आपल्याकडे फेब्रुवारीपूर्वी हे काम काढू नये आणि मेच्या मध्यानंतर ते लांबवू नये. प्रथम नजरेआड असलेल्या भागावर एक चौरस मीटरचा नमुना करावा, आठवड्याने त्यावर पाणी मारावे आणि शेजारचा न लावलेला चिरा व हा चिरा यांची तुलना करावी. रंग गडद झाला आहे का, चकाकी आली आहे का, आणि लिटरमागे खरोखर किती क्षेत्र झाले, हे तिथेच कळते. डब्यावरचा आकडा गुळगुळीत पृष्ठभागाचा असतो आणि चिरा त्याहून कितीतरी अधिक पितो, तेव्हा अंदाजपत्रक नमुन्यावरूनच करावे.

काम सकाळी लवकर करावे, भिंत तापल्यावर करू नये. कमी दाबाच्या पंपाने खालून वर जात फवारावे, द्रव एक वीतभर खाली ओघळेल एवढे भरपूर मारावे आणि पहिला हात ओला असतानाच दुसरा द्यावा. पहिला वाळला तर दुसरा आत शिरत नाही. खोलगटात साचलेले जास्तीचे द्रव्य कापडाने टिपून घ्यावे, नाही तर तिथे पांढुरके डाग राहतात. काचा, ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि झाडे झाकावीत. सॉल्व्हंटवर आधारित माल असेल तर तो ज्वालाग्राही असतो, तेव्हा आसपास विडी किंवा चूल नको, आणि मजुरांना मास्क व हातमोजे आपण स्वतः पुरवावेत, त्यांनी मागण्याची वाट पाहू नये.

टिकण्याच्या मुदतीबाबत उत्पादक साधारणपणे पाच ते दहा वर्षे सांगतात. सावलीतल्या भिंतीवर वरचा आकडा शक्य आहे, कोकणातल्या उघड्या भिंतीवर मी खालचाच धरतो. दोन-तीन पावसाळ्यांनंतर दरवर्षी एप्रिलमध्ये भिंतीवर पाणी शिंपडून पाहावे. थेंब मोत्यासारखे घरंगळेनासे झाले म्हणून लगेच नवा हात देण्याची गरज नसते, कारण उन्हाने केवळ सर्वांत वरचा अंश निष्प्रभ झालेला असतो आणि आतले अस्तर शाबूत असते. पाणी पडल्यावर काही मिनिटांतच चिरा गडद होऊ लागला, की मग पुन्हा लावण्याची वेळ आली असे समजावे.

कंत्राटदाराशी बोलताना त्याच्याकडून मालाचे तांत्रिक पत्रक मागून घ्यावे. त्यात सायलेन-सायलोक्सेनचे प्रमाण किती आणि वाफ जाऊ देण्याबाबत काय म्हटले आहे ते वाचावे. ‘हाय ग्लॉस’ किंवा ‘वेट लुक’ असे लिहिलेला माल बाजूला ठेवावा. अंदाजपत्रकात दर्जाभरणी, सांध्यांचे सीलंट, चर आणि पन्हळ यांच्या रकमा सीलरच्या रकमेपासून वेगळ्या लिहून घ्याव्यात. निधी अपुरा असेल तर यंदा एवढीच कामे उरकावीत आणि सीलर पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीनंतर, भिंतीने एक पावसाळा कसा काढला ते पाहून घ्यावा. अनेक घरांत या कामांनंतर उत्तरेच्या आणि पूर्वेच्या भिंतींना सीलरची गरजच उरत नाही.